पहिले घर घेताना आपल्या बाजूचे कोण?

गेल्या आठवड्यात माझ्या आतेबहिणीचा फोन आला. पुण्याजवळ रावेतला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत तिने आणि तिच्या नवऱ्याने फ्लॅट पसंत केला आहे आणि बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी तिला एका वाक्यात उत्तर हवे होते: "ताई, तुमचा वकील चांगला होता ना? त्यांचा नंबर दे." नंबर मी लगेच दिला, पण फोन ठेवल्यावर आमच्या घराची फाइल काढून बसले आणि २०२२ सालच्या त्या आठ महिन्यांत आमच्या व्यवहाराला कोणाकोणाचा हात लागला ते मोजले. इस्टेट एजंट, विक्रेत्याचे वकील, कर्ज मिळवून देणारा प्रतिनिधी, बँकेच्या पॅनेलवरचे वकील, बँकेचे मूल्यांकनकार, दस्तनोंदणीची कामे करून देणारे गृहस्थ, आमच्या वकीलबाई, एक स्थापत्य अभियंता आणि एक सनदी लेखापाल, असे एकूण नऊ जण भरले. या नऊपैकी केवळ शेवटचे तिघे आमच्या बाजूचे होते, आणि ही गोष्ट समजायला आम्हाला एक फसलेला व्यवहार आणि तीन महिने लागले.

बाकीचे सहा जण लबाड होते असे मला म्हणायचे नाही. एजंट मनमिळाऊ होता, बँकेचे वकील आपल्या कामात चोख असतील. प्रश्न एवढाच होता की व्यवहार मोडला तर कोणाचे नुकसान होणार आणि व्यवहार झाल्यावर काही बिघडले तर कोणाला जाब विचारता येणार. पहिले घर घेणारा माणूस मात्र हसून बोलणाऱ्या प्रत्येकाला आपला सल्लागार समजतो. आम्हीही समजलो.

आम्ही पाहिलेला पहिला फ्लॅट धायरीत होता. २००९ सालची इमारत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पूर्वेकडे गॅलरी, मागणी अठ्ठावन्न लाखांची. एजंटाने दुसऱ्याच भेटीत सांगितले की आणखी एक कुटुंब शनिवारी टोकन घेऊन येणार आहे, तेव्हा आजच काहीतरी देऊन ठेवावे. आम्ही एकवीस हजार रुपये दिले आणि त्याची पावती म्हणून वहीच्या पानावर लिहिलेल्या दोन ओळी घेतल्या, ज्यांत व्यवहार न झाल्यास पैसे परत करण्याबद्दल एक शब्दही नव्हता. वकिलाचे नाव काढताच तो म्हणाला, "आमचेच वकील आहेत, सगळे व्यवहार तेच बघतात, तुम्हाला वेगळी फी पडणार नाही." त्या वेळी ही सोय वाटली. महिन्याला दहा-बारा व्यवहार ज्याच्याकडून येतात, त्या एजंटाचा व्यवहार मोडेल असे मत तो वकील किती वेळा देऊ शकेल, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तो प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला. त्यांनी साताऱ्याजवळच्या गावात आयुष्यभर बांधावरचे तंटे पाहिलेले असल्यामुळे जमीन म्हटली की त्यांचा पहिला शब्द "मोजणी" आणि दुसरा "फेरफार" असतो.

मग आम्ही स्वतंत्र वकील शोधू लागलो. इथे एक अडचण सर्वच मराठी घरांत येत असावी, ती म्हणजे नात्यातला वकील. यजमानांचे एक मामा वकिली करतात. ते अत्यंत सज्जन आहेत, परंतु त्यांचे सारे आयुष्य फौजदारी न्यायालयात गेले आहे. त्यांना डावलणे घरात जड गेले असते, आणि त्यांच्याकडे काम दिले असते तर फी ठरवणे, उशीर झाल्यास आठवण करणे, मत पटले नाही तर प्रतिप्रश्न करणे, यांपैकी काहीच जमले नसते. आम्ही त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो आणि या कामासाठी कोणाकडे जावे असा सल्ला मागितला. त्यांनीच हसून सांगितले की जमिनीचे कागद रोज वाचणारा, याच तालुक्यातील दुय्यम निबंधक कार्यालयांत ज्याचा वावर आहे असा माणूस शोधा. मान राखला गेला आणि कामही झाले.

तीन वकिलांना भेटलो. पहिल्यांनी तीन हजार रुपये सांगितले आणि "सर्च रिपोर्ट उद्या संध्याकाळी देतो" असे आश्वासन दिले. दुसऱ्यांनी फीचा आकडा सांगण्याऐवजी व्यवहाराच्या रकमेवर टक्केवारी सांगितली आणि ती खरेदी पूर्ण झाल्यावर घेईन म्हणाले. वरवर पाहता ही अट आपल्या सोयीची वाटते, कारण आधी काही द्यावे लागत नाही; परंतु नीट विचार केला तर व्यवहार झाला तरच ज्याला पैसे मिळतात त्याची आणि एजंटाची इच्छा एकच होऊन बसते. तिसऱ्या वकीलबाई होत्या. त्यांनी आधी आमच्याकडचे कागद पाहिले, मग काय काय नाही त्याची यादी लिहून दिली, आणि स्पष्ट सांगितले की तीस वर्षांच्या शोधासाठी आणि लेखी अभिप्रायासाठी पंधरा हजार होतील, ते व्यवहार झाला नाही तरी द्यावे लागतील. करारनामा तयार करणे आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणे याचे दहा हजार वेगळे. त्यांच्या टेबलामागे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद लावलेली होती. पण आमचा निर्णय झाला तो "व्यवहार झाला नाही तरी" या चार शब्दांमुळे.

"सर्च", म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण त्यात काय येते हे आधी विचारून घ्यावे. नुसती इंडेक्स टूची (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची) यादी काढून "बोजा आढळला नाही" असे खाली लिहिणे हाही सर्च रिपोर्ट म्हणूनच विकला जातो. आमच्या वकीलबाईंच्या कामात सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार, जमीन बिनशेती झाल्याचा आदेश, मूळ मालकांनी बिल्डरला दिलेला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र, बांधकाम परवानगी, पूर्णत्वाचा दाखला, त्यानंतर त्या फ्लॅटचे झालेले प्रत्येक खरेदीखत, सोसायटीचे भागपत्र, इतके सारे होते. जमीन वतनाची होती का, भोगवटादार वर्ग दोनची होती का, म्हणजे विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत होती का, हे त्यांनी सर्वांत आधी पाहिले. त्याबाबत काही अडचण नव्हती. अडचण दुसरीकडेच निघाली.

तो फ्लॅट २००९ साली पहिल्या मालकाने बिल्डरकडून घेतला, २०१५ साली आमच्या विक्रेत्याला विकला. विक्रेत्याकडे २०१५ चे मूळ खरेदीखत होते, पण २००९ च्या करारनाम्याची केवळ प्रमाणित प्रत होती. मूळ कागद कोठे आहे असे विचारल्यावर "घर बदलताना हरवला" असे उत्तर आले. एजंटाच्या मते ही किरकोळ गोष्ट होती. पोलिसांत तक्रार करायची आणि प्रतिज्ञापत्र करायचे, की झाले. वकीलबाईंनी मात्र आम्हाला अर्धा तास बसवून एक गोष्ट समजावली, जी मी त्यानंतर किमान दहा जणांना सांगितली आहे. मूळ करारनामा कोणाकडे तरी ठेवून कर्ज काढले, तर ते तारण ठरते, आणि त्यासाठी नोंदणीकृत दस्त करावाच लागतो असे नाही. महाराष्ट्रात अशा तारणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करणे २०१३ पासून सक्तीचे झाले. त्याआधीचे तारण इंडेक्स टूमध्ये दिसेलच याची खात्री नाही. म्हणजे शोध पूर्णपणे स्वच्छ निघाला तरी हरवलेला मूळ कागद एखाद्या पतसंस्थेच्या कपाटात सुरक्षित असू शकतो.

त्यांनी दोन मराठी वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यायला लावली, पंधरा दिवसांच्या मुदतीची. अशा नोटिसा आपण रोज पाहतो आणि पान उलटतो. बाराव्या दिवशी एका पतसंस्थेचे पत्र आले: पहिल्या मालकाने २०११ साली मूळ करारनामा ठेवून कर्ज घेतले असून ते फिटलेले नाही. आमच्या विक्रेत्याला याची कल्पना होती की नाही हे आम्हाला आजही माहीत नाही. त्याने २०१५ साली कर्ज न काढता रोख बचतीतून फ्लॅट घेतला होता, त्यामुळे त्या वेळी कोणत्याही बँकेने कागद तपासले नव्हते, आणि स्वतःचा वकील नेमण्याची त्याला गरज वाटली नव्हती. आमचे एकवीस हजार तीन महिन्यांनी, अनेक फोन केल्यावर, पाच हजार कापून परत मिळाले. वहीच्या पानावर दोन ओळींऐवजी "कागदपत्रे निर्वेध नसल्यास संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत" एवढी तिसरी ओळ लिहून घेतली असती, तर ते पाच हजार वाचले असते. टोकन देण्याआधी वकिलाकडे जावे, नंतर नव्हे, हे आम्ही त्या पाच हजारांत शिकलो.

याच काळात कर्जाचा प्रतिनिधी आम्हाला धीर देत होता. एखादी बँक अडून बसली तर दुसऱ्या एका वित्तसंस्थेकडून प्रमाणित प्रतीवरही काम होईल, असे त्याचे म्हणणे. "बँकेने टायटल पास केलं म्हणजे तुम्ही निर्धास्त" हे वाक्य तर मी तेव्हा चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकले. ते वाक्य मला आता फार धोकादायक वाटते. बँकेच्या वकिलाची आणि मूल्यांकनकाराची फी आमच्याकडूनच घेतली गेली. त्यांचा अहवाल मात्र बँकेला गेला आणि आम्हाला त्याची प्रतही दिली नाही. वकीलबाईंनी फरक असा सांगितला: "बँकेचा प्रश्न पैसे परत येतील का, हा असतो. तुमचा पगार आहे, जामीनदार आहे, घराची किंमत कर्जापेक्षा जास्त आहे. तुमचा प्रश्न घर राहील का, हा आहे." रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच पैसे देते, उरलेले वीस टक्के आणि वर मुद्रांक शुल्क आपल्या खिशातले असते. कागदांत खोट निघाली तर पहिला फटका त्या वीस टक्क्यांना बसतो. बँकेचा धोका जिथे सुरू होतो, तिथे आपले सगळे आधीच गेलेले असते.

त्या प्रतिनिधीविषयी आणखी थोडे. त्याला मोबदला बँकेकडून मिळतो, म्हणून त्याची सेवा आपल्याला फुकट वाटते. मार्चमध्ये त्याने ६.७ टक्के दर सांगितला होता. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) वाढवायला सुरुवात केली आणि ४ टक्क्यांचा रेपो ऑगस्टपर्यंत ५.४० आणि पुढच्या फेब्रुवारीत ६.५० टक्क्यांवर गेला. हा त्याचा दोष नव्हता. परंतु आपला दर रेपोशी जोडलेला आहे, तो वाढला की तेव्हा बँका हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवत आणि वीस वर्षांचे कर्ज पाहता पाहता कितीतरी लांबते, हे त्याने सांगितले नाही. ते आम्ही शाखेत जाऊन विचारले तेव्हा कळले. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा घ्यावाच लागतो असेही त्याने ठणकावून सांगितले होते. कर्जासाठी असा विमा घेणे कायद्याने बंधनकारक नाही. तो हप्ता कर्जातच मिळवला जात असल्याने त्यावरही वीस वर्षे व्याज भरावे लागले असते. आम्ही वेगळा मुदतीचा विमा घेतला.

जूनमध्ये वारज्यात दुसरा फ्लॅट पाहिला आणि तो पसंत पडला. इमारत २००४ ची, सोसायटी नोंदलेली, आणि विशेष म्हणजे जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण झालेले, म्हणजे सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावे झालेली. ज्यांनी पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकासाचे हाल पाहिले आहेत, त्यांना या शेवटच्या गोष्टीचे मोल समजेल: बिल्डरने वर्षानुवर्षे जमीन सोसायटीच्या नावे करून न दिल्यामुळे इमारत आपली आणि जमीन दुसऱ्याची, अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे.

या वेळी अभियंत्याला बोलावण्याचा आग्रह यजमानांचा होता. मला तो अनावश्यक वाटला होता. भिंती सरळ होत्या, रंग नवा होता. नवा रंग हीच तर खूण आहे, असे अभियंता आल्याआल्या म्हणाले. त्यांनी दीड तास घेतला. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र त्यांनी न्हाणीघराच्या छताला लावले तेव्हा कळले की वरच्या घरातून गळती होत होती आणि ती नुकतीच रंगाखाली झाकली होती. धुण्याच्या बाल्कनीवरच्या छज्ज्याला हातोडीने हलके ठोकल्यावर एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला. आतले गज गंजून फुगले की काँक्रीट असे सुटते. मग त्यांनी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागितला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. या अठरा वर्षांच्या इमारतीची ती एकदाही झालेली नव्हती. सचिव जरा ओशाळले आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय आला, असे नंतर कळले.

त्यांचे तिसरे काम क्षेत्रफळ मोजण्याचे. जाहिरातीत साडेआठशे चौरस फूट लिहिले होते, जुन्या करारनाम्यात ८१२ बिल्टअप (भिंतींच्या जाडीसह) होते, आणि लेझरने मोजलेले कार्पेट क्षेत्र, म्हणजे घरातली वापरायची जागा, भरले ५९८. यात फसवणूक म्हणावी असे काही नव्हते, कारण जुन्या इमारतींत सगळेच असे बोलतात; पण शेजारच्या नव्या इमारतीत रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटवर दर सांगितला जात होता आणि आम्ही त्याची तुलना बिल्टअपच्या दराशी करत बसलो होतो. अभियंत्यांनी सहा हजार रुपये घेतले. त्यांच्या अहवालावरून बोलणी केल्यावर विक्रेत्याने सव्वा लाख कमी केले आणि किंमत बासष्ट लाखांवर ठरली. मी तेव्हापासून त्यांच्याबद्दल फार आदराने बोलते.

सनदी लेखापालांकडे आम्ही जवळजवळ गेलोच नसतो. घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचे असे घरात ठरलेले होते, कारण त्या वेळी पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के होते आणि सर्व खरेदीदार स्त्रिया असतील तर एक टक्का सवलत होती. बासष्ट लाखांवर बासष्ट हजार रुपये वाचत होते. सवलतीबरोबर पंधरा वर्षे पुरुषाला घर न विकण्याची अटही तेव्हा होती, जी पुढे २०२३ मध्ये काढण्यात आली. लेखापालांनी दोघांच्या पगाराच्या पावत्या मागवल्या आणि विचारले की कर्जाचे हप्ते कोण भरणार. "दोघे," आम्ही म्हणालो. मग त्यांनी समजावले की जो घराचा सहमालक नाही, त्याने हप्ता भरला तरी त्याला व्याजाची वजावट मिळत नाही. पहिल्या वर्षाचे व्याज साडेतीन लाखांच्या आसपास जाणार होते, एका व्यक्तीला राहत्या घराच्या व्याजाची वजावट दोन लाखांपर्यंतच होती, म्हणजे माझ्या एकटीच्या नावे घर असते तर दीड लाखाचे व्याज दरवर्षी वाया गेले असते. आमच्या वीस टक्क्यांच्या कराच्या टप्प्यात हा वर्षाला सुमारे एकतीस हजारांचा फरक होता, आणि दोन वर्षांत मुद्रांक शुल्काची सवलत भरून निघत होती. आम्ही घर दोघांच्या नावे घेतले. अर्थात हे गणित आम्ही जुन्या करपद्धतीत होतो म्हणून जुळले. नव्या पद्धतीत असलेल्यांना राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट मिळत नसल्यामुळे त्यांचे उत्तर उलटे येईल, आणि म्हणूनच माझे गणित कोणी उचलून वापरू नये.

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तो असा: "विक्रेते भारतात राहतात ना? दोघेही?" पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने एक टक्का कर कापून तो (त्या वेळी २६क्यूबी या नमुन्याने) भरायचा असतो, हे एजंटाने सांगितले होते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर मात्र हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही, दुसरे कलम लागते आणि कपात कितीतरी मोठी असते. चुकीची कपात केली तर जबाबदारी खरेदीदाराची. पुण्यात घरातला एक मुलगा परदेशात आणि घर आई-मुलाच्या संयुक्त नावावर, असे चित्र गल्लोगल्ली आहे. आमच्या विक्रेत्यांच्या बाबतीत तसे नव्हते, पण आमच्या आधीच्या घरमालकांच्या व्यवहारात नेमके हेच राहून गेले होते आणि खरेदीदाराला नंतर नोटीस आली होती. लेखापालांची फी दोन हजार रुपये होती. एका बैठकीची.

वकीलबाईंनी करारनाम्याचा मसुदा केला तेव्हा एजंटाने त्याच्याकडच्या छापील नमुन्याचा आग्रह धरला. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर फरक पार्किंगच्या कलमात दिसला. छापील नमुन्यात "एक कार पार्किंगसह" विक्री असे होते आणि एजंटाने त्याचे वेगळे दोन लाख किमतीत धरले होते. इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा फ्लॅटसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. पार्किंगचे वाटप सोसायटी करते. वकीलबाईंनी सोसायटीकडून वाटपाचे लेखी पत्र मागवले आणि ते कराराला जोडले. सोसायटीने हस्तांतरणाचे अधिमूल्य म्हणून आधी पन्नास हजार सांगितले होते, तेही त्यांनी एका पत्राने उपविधींतील पंचवीस हजारांच्या कमाल मर्यादेवर आणले. करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची असते, पण त्यांनी सह्या आणि नोंदणी एकाच दिवशी ठेवली. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसलो असताना त्यांनी संगणकावर भरलेला मजकूर वाचला आणि माझ्या नावातील एक चुकलेले अक्षर पकडले. ते अक्षर तसेच राहिले असते तर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागला असता.

एजंटाला आम्ही ठरल्याप्रमाणे एक टक्का दिला, आणि तो देताना मन खट्टू झाले नाही. घर त्याने शोधले, चाव्या मिळवून दिल्या, विक्रेत्याचा राग दोनदा शांत केला. ते त्याचे काम आहे आणि ते त्याने चांगले केले. त्याच्याकडून कायदेशीर मत घेणे ही आमची चूक होती. एजंट निवडताना महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी आहे का हे मी आता विचारते. नोंदणीची सक्ती रेराखालील प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे, जुन्या इमारतींतील पुनर्विक्रीला ती तशी लागू होत नाही. तरीही ज्याने नोंदणी केली आहे, आणि आता महारेराने आणलेले प्रशिक्षण आणि परीक्षा पार केली आहे, त्याला निदान तक्रारीची भीती असते.

आतेबहिणीचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिचा फ्लॅट अजून कागदावरच आहे. तिथे अभियंत्याला तपासायला भिंतीच नाहीत. वकिलाचे काम मात्र वाढते. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे शीर्षक प्रमाणपत्र (जमिनीच्या मालकीबद्दलचे, टायटलचे) आहे, आणि विक्री कार्यालयातील मुलीने तिला तेच दाखवून वकिलाची गरज नसल्याचे सांगितले. ते प्रमाणपत्र बिल्डरने नेमलेल्या वकिलाचे असते. त्यात तळाशी जे अपवाद आणि प्रलंबित दावे लिहिलेले असतात, तेच वाचायचे असतात. दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही, हे रेरा कायद्याचे तेरावे कलम तिला माहीत नव्हते; तिच्याकडे "ऑफर संपण्यापूर्वी" वीस टक्के मागितले जात होते. बिल्डरच्या छापील करारातला शब्दही बदलत नाही, मग वकील कशाला, असे तिच्या नवऱ्याचे म्हणणे आहे. शब्द क्वचित बदलतात हे खरे आहे. ताबा लांबला तर काय होईल, "कार्पेट क्षेत्रात फरक पडल्यास" याचा अर्थ काय, कोणकोणती वेगळी शुल्के ताब्याच्या दिवशी समोर येतील, हे सही करण्याआधी कोणी वाचून दाखवले तर निदान सही न करण्याचा मार्ग मोकळा राहतो.

काल ती वकीलबाईंकडे जाऊन आली. त्यांनी पहिल्या बैठकीतच तीस वर्षांचे फेरफार, मूळ जमीनमालकांच्या वारसांची नावे आणि विकसन करारनाम्याची प्रत मागितली आहे. विक्री कार्यालयाने सोमवारी देतो म्हटले आहे. बुकिंगचा धनादेश तिने लिहून ठेवला होता, तो सध्या तिच्या पर्समध्येच आहे.